प्रेस अडली की हात थांबवा

अमेरिकेत नेमबाजीची हौस असणाऱ्या अनेक घरांच्या गॅरेजमध्ये, जाड लाकडी बाकाला बोल्टने आवळलेली एक प्रेस दिसते. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणायची, जुना प्रायमर काढून नवा बसवायचा, मोजून दारू भरायची आणि तोंडाशी नवी गोळी बसवायची, हे काम त्या प्रेसवर चालते. काडतुसाच्या चार भागांपैकी पुंगळीच काय ती पुन्हा वापरता येते आणि बचत होते ती तिच्यामुळेच. स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला तिथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकण्याचा धंदा करायचा तर लागतो. आपल्याकडे काडतूस म्हटले की 1869 पासून चाललेला खडकीचा दारूगोळा कारखाना आठवतो, आणि 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा गुन्हाच आहे. तेव्हा पुढची चर्चा तिथल्या गॅरेजमधली आहे. प्रश्न असा की, ही अवजारे अडली किंवा चुकीचे माप देऊ लागली तर आधी हात कशाला लावायचा? एक पक्ष म्हणतो, यंत्राला. दुसरा म्हणतो, यंत्र नंतर. आधी त्यातून बाहेर पडलेल्या काडतुसांचा हिशेब लावा. प्रस्तुत लेखक दुसऱ्या पक्षाचा आहे. पण पहिल्याचे म्हणणे पोकळ नाही, म्हणून दोघांना समोरासमोर बसवले आहे.

पूर्वपक्ष : अहो, प्रेस म्हणजे शेवटी एक तरफ, एक दट्ट्या आणि चार डाय. त्यात गूढ काही नाही. अडली तर कुठे अडली ते बघा, कचरा काढा, तेलाचा थेंब सोडा, सैल झालेला बोल्ट आवळा आणि कामाला लागा. माहितीपत्रकात बिघाडांचा तक्ता असतोच. एवढ्या साध्या गोष्टीला हिशेब आणि चौकशी कशाला? फार तर चांगल्या कंपनीची महाग प्रेस घ्या, म्हणजे अडणारच नाही.

उत्तरपक्ष : तक्ता उपयोगाचा आहे, पण तो यंत्र चालू कसे करायचे ते सांगतो, यंत्र अडले त्या क्षणी काय तयार होत होते ते सांगत नाही. शिलाई यंत्राचा टाका सुटला तर तो कापडावर दिसतो, उसवून पुन्हा घालता येतो. काडतुसात चूक झाली की तिच्यावर गोळी बसते आणि झाकण लागते. बाहेरून चांगले आणि वाईट काडतूस सारखेच चकचकीत. आणि आत जे घडते ते लहानसहान नसते. अमेरिकेत काडतुसांच्या दाबाच्या मर्यादा ठरवणाऱ्या, 1926 साली स्थापन झालेल्या उत्पादकांच्या संस्थेने 9 एमएम लुगरसाठी दर चौरस इंचाला 35,000 पौंड आणि .223 रेमिंग्टनसाठी 55,000 पौंड ही कमाल मर्यादा घातली आहे. हे आकडे ठीक भरलेल्या काडतुसाचे आहेत. म्हणजे ज्याची चूक दिसत नाही आणि ज्याच्या चुकीची किंमत बोटांनी आणि डोळ्यांनी मोजावी लागते, असा हा माल आहे. अशा ठिकाणी ‘यंत्र पुन्हा चालू झाले’ म्हणजे बिघाड निस्तरला, असे मानता येत नाही.

प्रोग्रेसिव्ह प्रेस डोळ्यांसमोर आणा. गोल थाळीवर चार-पाच पुंगळ्या उभ्या असतात. दांड्याच्या एका फेरीत एकीचा प्रायमर निघतो, दुसरीत दारू पडते, तिसरीत गोळी बसते, चौथीचे तोंड आवळले जाते. सगळे सुरळीत असते तोवर ही लय विलक्षण भरवशाची असते. आता प्रायमर वाकडा गेला आणि दांडा अर्ध्यावर अडला. भरणाऱ्याचे सगळे लक्ष प्रायमरकडे. तो दांडा थोडा मागे घेतो, काही काढतो, काही सरकवतो, पुन्हा दाबतो. तेवढ्यात दारूच्या टप्प्यावरची पुंगळी एकदा भरून झालेली असते, आणि काही रचनांत या मागेपुढे करण्याने तिच्यात दुसऱ्यांदा दारू पडते. थाळी हाताने फिरवायची असेल तर फिरवायला विसरणे एवढेही पुरते. 9 एमएमसारख्या पिस्तुलाच्या काडतुसात झटकन जळणारी दारू पुष्कळदा पुंगळीच्या निम्म्याहून कमी जागा घेते, त्यामुळे दुप्पट माप सांडत नाही, मुकाट मावते. उलटही होते: तपासायला काढलेली पुंगळी चुकून पुढच्या टप्प्यावर परत ठेवली की ती दारूशिवायच बंद होते. झाडली की नुसता फुसका बार. एकट्या प्रायमरचा जोर गोळीला नळीत ढकलायला पुरतो, बाहेर काढायला पुरत नाही. भरात असलेला नेमबाज चाप पुन्हा ओढतो आणि मागची गोळी अडकलेल्या गोळीवर आदळते. नळी फुगते किंवा फाटते. प्रेस चालू असताना धोका कमी असतो. ती अडल्यावर जी दोन मिनिटे आपण ‘दुरुस्तीची’ समजतो, त्याच दोन मिनिटांत तो सर्वांत जास्त असतो. माझा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे.

पूर्वपक्ष : मग त्यावर उपाय यंत्रातच आहे की! दारूची पातळी तपासणारी डाय मिळते. माप चुकले तर एक प्रकार दांडाच अडवतो, दुसरा बझर वाजवतो. जे काम माणसाचे लक्ष करू शकत नाही ते काम यंत्राकडे द्यावे, हेच शहाणपण. तुम्ही मात्र यंत्रावर अविश्वास आणि माणसावर भार टाकता.

उत्तरपक्ष : ती तपासणी जरूर लावावी, दुप्पट माप आणि रिकामी पुंगळी या दोन मोठ्या चुका ती पकडते. पण तिच्या मर्यादा तिच्या घडणीतच आहेत. ती दारूची उंची बघते, वजन नाही. थोडेसे कमीजास्त तिच्या नजरेत येत नाही, आणि कमाल मापाजवळ भरणाऱ्याला तेवढेही महाग पडू शकते. दुसरे म्हणजे, तिचे माप जुळवणारा हात आपलाच. दारूचा प्रकार बदलला आणि तिचे माप बदलायचे राहिले, तर ती निष्ठेने चुकीची साक्ष देत राहते. म्हणून तिला साक्षीदार म्हणावे, न्यायाधीश करू नये. गंमत म्हणजे या उपकरणाचे खरे मोल माझ्याच बाजूला जाते: गडबड वाटली की ते काम थांबवते. थांबल्यावर काय करायचे हे मात्र त्याच्या हाती नसते.

पूर्वपक्ष : उपकरण सोडा, अनुभवी हात तर मानाल? वर्षानुवर्षे दांडा ओढणाऱ्याला नुसत्या स्पर्शाने कळते की काय चुकले. प्रायमर जड बसतोय, पुंगळी घट्ट जातेय, हे त्याच्या तळहाताला समजते. त्याला वही आणि मोजपट्टी दाखवणे म्हणजे जुन्या गवंड्याला ओळंबा शिकवणे.

उत्तरपक्ष : हाताला कळते, हे शंभर टक्के मान्य. पण त्याला कळते ते इतकेच की काहीतरी वेगळे आहे. काय वेगळे आहे ते कळत नाही. प्रायमर जड बसण्याचेच घ्या. पुंगळी लष्करी असेल तर प्रायमरभोवतीची कड कारखान्यात आत दाबलेली असते. ती काढल्याशिवाय नवा प्रायमर नीट जातच नाही. खळग्यात जुन्या जळणाची काजळी साचलेली असू शकते. प्रायमर वर ढकलणारा दांडा रेषेत नसू शकतो. आणि .45 एसीपीच्या पुंगळ्या तर बाजारात मोठ्या प्रायमरच्याही आहेत आणि लहान प्रायमरच्याही; बाहेरून जुळ्या, खळगा वेगळा. चार कारणे, आणि तळहाताला लागणारा अडथळा जवळपास एकच. यात यंत्राचा दोष एकाच कारणात आहे. बाकी तीन पुंगळीत आहेत आणि ती पुंगळी उलटी करून उजेडात पाहिली तरच दिसतात. ‘जरा जोर लावू’ ही अनुभवी हाताची सवय नेमकी इथे नडते, कारण प्रायमर ही ठोकल्यावर पेटण्यासाठीच बनवलेली वस्तू आहे.

प्रायमर काढणारी पिन वाकण्याचेही तसेच आहे. पिन वाकली की पहिला राग डायवर निघतो, नवी पिन येते आणि तीही वाकते. पुंगळीत विजेरी मारून पाहिले तर तळाशी मधोमध एका भोकाऐवजी कडेला दोन बारीक भोके दिसतात. ती बर्डन पद्धतीची पुंगळी. तिची ऐरण पुंगळीतच घडवलेली असते, त्यामुळे मधली पिन तिच्यावर जाऊन आपटते. बॉक्सर पद्धतीत ऐरण प्रायमरच्या पोटात असते आणि भोक मधोमध, म्हणून तीच घरी सहज भरता येते. बॉक्सर इंग्रज अधिकारी, बर्डन अमेरिकन. आणि अमेरिकेत रुळली ती बॉक्सरची पद्धत, युरोपात बर्डनची. पिनचा दोष काहीच नव्हता. हात ‘अडले’ एवढेच सांगू शकतो. कारण सांगायला डोळे, मोजमाप आणि तुलना लागते. ओळंब्याचे म्हणाल, तर जुना गवंडीही भिंत उभारताना ओळंबा सोडतोच.

पूर्वपक्ष : म्हणजे तुमच्या लेखी दोष नेहमी पुंगळीचा नाहीतर माणसाचा. यंत्र कधी बिघडतच नाही?

उत्तरपक्ष : बिघडते, आणि ते मान्य करायला हवे. थाळीचा मधला बोल्ट सैल होतो, दारूचे दाणे थाळीखाली जाऊन ती तिरपी बसते, डायची लॉक रिंग फिरते आणि गोळीची खोली हळूहळू बदलत जाते. माझा आग्रह एवढाच की यंत्र दोषी ठरवायचे तर पुराव्याने ठरवा. काट्याचे उदाहरण घ्या. दारू ग्रेनमध्ये मोजतात; एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून किंचित जास्त. घरगुती डिजिटल काटे साधारण दशांश ग्रेनपर्यंत भरवसा देतात, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. एवढ्या बारीक मापाला पंख्याची झुळूक पुरते, काटा गरम व्हायच्या आत वापरला तर आकडा सरकतो, कोरड्या थंडीत प्लॅस्टिकच्या वाटीवरची स्थिर वीजही ढवळाढवळ करते. आता मापे कमीजास्त येऊ लागली, तर दोष काट्याचा की दारू पाडणाऱ्या मापयंत्राचा? दोन्हींवर एकदम स्क्रू फिरवणारा माणूस काहीच शिकत नाही. दारूच्या मापाच्या जवळपासचे प्रमाणित वजन काट्यावर ठेवा. ते खरे आले तर काटा सुटला, आरोपी मापयंत्र. ते खोटे आले तर मापयंत्राला हात लावायचे कारणच नाही.

मापयंत्र दोषी ठरले तरी चुकीचा आकार बघावा लागतो. सगळी मापे एकाच दिशेने सरकत असतील तर मापाचा स्क्रू हलला असेल किंवा भांड्यातली दारू तळाला गेली असेल. पण एक माप हलके आणि लगेच पुढचे तेवढेच भारी, अशी जोडी येत असेल तर कारण वेगळे: लांब दाण्याची दारू नळीत एकमेकांत अडकून चोंदते, थोडी अडून राहते आणि पुढच्या पुंगळीत पडते. या दुसऱ्या वेळी स्क्रू फिरवला तर सरासरी बिघडेल आणि जोड्या तशाच येत राहतील. बारीक गोल दाण्याची दारू, भांड्यात आडवी पट्टी किंवा प्रत्येक माप वजन करून भरणे, हे तिथले उपाय. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलल्यावर पुन्हा मोजायचे, हा नियम शाळेच्या प्रयोगवहीतला वाटेल. पण त्याशिवाय ‘यंत्र खराब’ हे वाक्य नुसता संशय राहते.

मोजल्याशिवाय केलेली दुरुस्ती दोष हटवत नाही, जागा बदलते, हे रायफलच्या काडतुसात स्पष्ट दिसते. भरलेले काडतूस चेंबरमध्ये नीट बसत नाही, अशी तक्रार. सोपा इलाज म्हणून डाय अजून खाली उतरवतात, काडतूस बसायला लागते, काम झाले असे वाटते. खरे तर पुंगळीचा खांदा गरजेपेक्षा मागे ढकलला गेलेला असतो. मग प्रत्येक झाडणीत पुंगळी पुढे ताणली जाते आणि बुडाच्या थोडे वर पितळ पातळ होत जाते. बाहेरून तिथे एक चमकदार कडे दिसते. टोक वाकवलेली पेपरक्लिप आतून फिरवली तर खाच लागते. पुढच्या एखाद्या झाडणीत पुंगळी तिथेच तुटते. मूळ तक्रारीचे कारण कदाचित खांदा नव्हतेच. पुंगळीचे लांबलेले तोंड, बाहेर राहिलेली गोळी किंवा तोंड आवळताना आलेला फुगवटा यांपैकी काहीही असू शकते. दारू-प्रायमर नसलेल्या नमुना काडतुसावर मार्कर पेनची काळी शाई फासून ते गेजमध्ये घालून काढले, तर जिथे शाई खरवडली तिथे अडते, एवढे तरी निश्चित कळते. शाई फासायला एक मिनिट लागते. त्या एका मिनिटाऐवजी डायचा अर्धा फेरा फिरवणे हीच या छंदातली नेहमीची घाई.

पूर्वपक्ष : पण हा सगळा व्याप करायला वेळ कोणाला आहे? लोक घरी भरतात ते स्वस्त पडते म्हणून. प्रेस अडली की आधीची सगळी काडतुसे बाजूला काढा, मोडा, पुन्हा भरा, असे म्हटले तर दुकानातूनच डबा आणलेला बरा. आणि कारखाने काय प्रत्येक खोळंब्याला थांबतात?

उत्तरपक्ष : कारखाने थांबतात. त्यांच्याकडे दाब मोजणाऱ्या खास नळ्या असतात, प्रत्येक खेपेचे नमुने झाडून बघतात, डब्यावर लॉट नंबर असतो, आणि शंका आली तर तो लॉट बाजारातून परत बोलावतात. घरी भरणाऱ्याकडे दाब मोजायचे साधन नसते. चपटा झालेला प्रायमर पाहून दाबाचा अंदाज बांधण्याची रीत आहे, पण ती फसवी आहे. प्रायमरचा धातू आणि चेंबरचे माप बदलले की तीच खूण वेगळे बोलते. म्हणजे ज्याच्याकडे पुरावा कमी त्याला शिस्त जास्त हवी. त्याच्या हाती फक्त दोन गोष्टी असतात: छापील कोष्टकातले माप तंतोतंत पाळणे, आणि आपण ते पाळले होते याची नोंद.

खर्चाचा मुद्दा खरा आहे, म्हणून त्याचे उत्तर हिशेबातच द्यायला हवे. हजार काडतुसे एका दमात भरली, मधे एकदाही वजन केले नाही आणि नऊशेव्या काडतुसावर प्रेस अडली, तर संशय नऊशेंवर जातो. दर पन्नासाला एक माप काट्यावर पाहून वहीत लिहिले असेल, तर संशय शेवटच्या पन्नासाच्या आतच राहतो. तपासणीने वेळ जात नाही, संशयाची हद्द आखली जाते. काहीजण सुचवतात की पूर्ण काडतूसच वजन करून दोषी शोधावे. ते भरवशाचे नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्यांच्या वजनातला फरकच पिस्तुलाच्या दारूच्या मापाएवढा असू शकतो, त्यात कमीजास्त दारू लपून जाते. राहिला मोडण्याचा खर्च. हातोडीसारख्या साध्या पुलरने गोळी परत मिळते, पुंगळी परत मिळते. मिसळलेली दारू तेवढी टाकावी लागते. पन्नास मापे दारू आणि अर्धा तास, दुसऱ्या बाजूला फाटलेली नळी. बचतीसाठी हा छंद करणाऱ्यालाच हा सौदा सर्वांत आधी पटायला हवा.

पूर्वपक्षाच्या एका म्हणण्याला मात्र मान द्यावाच लागेल: चांगले यंत्र हवे. पण नवशिक्याला चांगले म्हणजे वेगवान नव्हे. एका फेरीत एकच काम करणारी सिंगल-स्टेज प्रेस मंद असते; तिच्यावर पन्नास पुंगळ्या दारू भरून ट्रेमध्ये उभ्या राहतात आणि गोळी बसवण्याआधी दिव्याखाली एका नजरेत साऱ्यांची पातळी दिसते. रिकामी आणि दुप्पट, दोन्ही तिथेच उघडी पडतात. तिच्यावर कारणे ओळखायला शिकलेला माणूस पुढे प्रोग्रेसिव्हवर गेला तर वेग त्याला पेलतो. उलट क्रमाने गेलेल्याला प्रेस अडल्यावर नेमके काय अडले, हे कळायला वेळ लागतो.

तेव्हा हा छंद कायद्याच्या चौकटीत जिथे करता येतो, तिथल्या वाचकाला सांगणे एवढेच. प्रेस अडली की दांड्यावरचा हात काढा. थाळीवरची प्रत्येक पुंगळी उतरवा, दारू परत ओता, शेवटच्या नोंदीनंतर भरलेली काडतुसे वेगळ्या डब्यात ठेवा. कारण शोधायला त्यानंतर लागा, एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि पहिल्या तीन मापांचे वजन जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. ज्या काडतुसाबद्दल शंका आहे ते मोडावे, झाडून पाहू नये.